रविवारी शून्य

"हे तुम्हीच लिहिलंय ना?" काउंटरच्या पलीकडून एका बाईंनी फोन पुढे केला. ती चष्मा नाकावर खाली ओढून वाचू लागली आणि तिसऱ्या ओळीवरून पुन्हा पहिलीकडे गेली. पत्र संस्थेचं होतं. वर संस्थेचं चिन्ह, पाठवणाऱ्याच्या जागी संस्थेचा ईमेलचा पत्ता, आणि खाली तिचं नाव, तिचं पद, तिच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. मजकूर चारच ओळींचा. आपल्या तपासणीत काळजी करण्यासारखं आढळलं आहे, सविस्तर अहवालासाठी खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा, ओळखपत्राचा क्रमांक भरा. भाषा चांगली होती, आणि तेच तिला आधी खटकलं. शेवटी 'कृपया घाबरून जाऊ नये' असं होतं. ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. तीन वर्षांपूर्वी, लोक पत्र उघडायलाच भितात असं काउंटरवरून कळल्यावर, तिनंच ते प्रत्येक पत्राच्या तळाशी घातलं होतं. कुणीतरी ते उचललं होतं आणि तिच्याच तोंडी घालून परत पाठवलं होतं.

"नाही," ती म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी लिहिलं?"

"माहीत नाही."

"पण नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे," ती म्हणाली, आणि आपण चोरीच्या मालासकट सापडलो आहोत असं तिला उगाचच वाटलं.

बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली. मंगळवारी त्यांच्या गळ्यातल्या गाठीतून सुईनं नमुना काढला होता आणि तो अजून कुणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलाही नव्हता. "मी दाबणारच होते ती निळी ओळ," त्या म्हणाल्या. "पण बोट थरथरायला लागलं. सुनेला म्हटलं तू दाब, तर तीही दाबेना. म्हटलं, सरळ जाऊन विचारावं." तिनं त्यांना पाणी दिलं, अहवाल अजून तयारच नाही, हे पत्र कुण्या भामट्याचं आहे, असं दोनदा समजावलं. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. उठताना त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे हे खोटं आहे, पण खरंही निघू शकतं." बाई दाराबाहेर गेल्या तरी ते वाक्य काउंटरवर तसंच पडून राहिलं, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

ही संस्था गाठींचे, पेशींचे नमुने तपासायची, लागेल त्यावर उपचारही करायची. तीन मजले, एक संचालक डॉक्टर, साठ-पासष्ट माणसं, आणि कॉम्प्युटरचं सगळं काम बघणारी ती एकटी. संस्थेतली पत्रं तिच्या हातून जातात म्हणून सगळे तिला गमतीनं पोस्टमास्तरीण म्हणत, आणि तिलाही ते आवडत असे. आज जिना चढताना ते नाव आठवलं तेव्हा मात्र ते तिला नकोसं वाटलं, कारण तिला जे माहीत होतं ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. दार उघडं होतं. दोन वर्षं उघडं होतं, आणि ते उघडं आहे हे तिला ठाऊक होतं.

संस्थेच्या नावानं येणारं पत्र खरं की खोटं हे जगातल्या मेल कंपन्यांनी ओळखायचं कसं, त्याची एक पद्धत आहे. तिच्या तीन भागांना इंग्रजी आद्याक्षरांची अवघड नावं आहेत, पण ती मनात त्यांना साध्या नावांनी ओळखत असे: यादी, शिक्का आणि हुकूम. आमच्या नावानं पत्र पाठवायची परवानगी कुठल्या कुठल्या यंत्रांना आहे, ती यादी. प्रत्येक खऱ्या पत्रावर उमटणारा, नक्कल न करता येणारा शिक्का. आणि यादीतही नाही, शिक्काही नाही, अशा पत्राचं काय करायचं तो हुकूम. हुकूम तीन तऱ्हेचे: नुसतं बघा आणि आम्हाला कळवा, बाजूला टाका, घेऊच नका. दोन वर्षांपूर्वी तिनं पहिला हुकूम लावला होता, नुसतं बघा. महिनाभर बघायचं, आपलं खरं कोण आणि उपरं कोण ते ओळखायचं, यादी पुरी करायची आणि मग हुकूम कडक करायचा, असा तिचा बेत होता. मेल कंपन्यांकडून रोज पहाटे अहवाल यायला लागले. आकड्यांचे लांबलचक तक्ते, अनोळखी यंत्रांचे पत्ते, पुढे पत्रांची संख्या. पहिले आठ दिवस तिनं ते वाचले. मग सासूबाईंचं आजारपण आलं, मग नवे कॉम्प्युटर आले, आणि अहवालांसाठी तिनं एक वेगळा कप्पा करून दिला, ज्यात ते आपोआप जाऊन पडत. तो कप्पा तिनं पुन्हा उघडला नाही. खरं तर आळस नव्हता तो. हुकूम कडक केला आणि एखादं खरं पत्र अडलं तर, या एका विचारानं दर वेळी तिचा हात मागे यायचा. नुसतं बघण्यात कुणाचं काही बिघडत नाही असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

डॉक्टरांनी पत्र वाचलं, फोन पालथा ठेवला. "अजून किती जणांना गेलंय?"

"आज सकाळपासून अकरा जणांनी काउंटरला फोन केलेत."

"हे थांबवता येतं?"

"येतं. पण मला पंधरा दिवस हवेत. आपल्याकडून कुठून कुठून पत्रं जातात ते आधी—"

"आज," डॉक्टर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "माझ्या पेशंटला कुणीतरी माझ्या संस्थेच्या नावानं कॅन्सर सांगतंय. पंधरा दिवस कसले मागता?"

हे थांबवणं दोन वर्षांपूर्वीच शक्य होतं, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून ती खाली आली. मग तिनं एकेका विभागाला फोन लावला: तुमच्याकडून ईमेलनं पत्रं जातात का? काउंटर म्हणालं जातात. कार्यालय म्हणालं जातात. दुसऱ्या मजल्यावर स्लाइड विभागात भाऊंनी फोन घेतला. भाऊ तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. "आम्ही कशाला कुणाला पत्रं लिहितोय," ते हसून म्हणाले, "आम्हाला काचा पुसण्यातनं फुरसत कुठंय." तिनं त्यांच्या नावापुढे फुली मारली. यादी पुरी केली, शिक्के तपासले, स्वतःला दोन पत्रं पाठवून बघितली. दोन्ही शिक्क्यानिशी आली. मग पडद्यावरच्या त्या छोट्या चौकटीत तिनं हुकूम बदलला. एकच शब्द पुसायचा, एकच लिहायचा. घेऊच नका. कळ दाबताना तिला शिवणकामवाल्या बाईंचं बोट आठवलं. दुपारचे सव्वादोन झाले होते. काहीच घडलं नाही, आवाज नाही, काही नाही. पंखा फिरत होता. बदल जगभर पसरायला तासभर लागतो. तो तासभर ती खुर्चीत ताठ बसून राहिली, दुसऱ्या खोलीत कुणी आजारी निजलेलं असावं तशी.

शुक्रवारी तिनं सगळ्या पेशंटना सूचना पाठवली. संस्थेच्या नावानं येणाऱ्या संशयास्पद पत्रांवर आणि फोनवर विश्वास ठेवू नये. ती तिनं चार वेळा लिहिली आणि 'कृपया घाबरून जाऊ नये' हे वाक्य काढून टाकलं. काउंटरवरचे फोन दुपारपर्यंत थांबले. डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा "छान" एवढंच म्हणाले. सगळं छान होतं. तरी घरी जाताना रस्त्यावर मागून कुणी हाक मारली की ती दचकत होती. हाक दुसऱ्याच कुणासाठी असायची. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाठीवरची जाहिरात, शेजारणीनं जिन्यात विचारलेलं "बरी आहेस ना," हे सगळं जो म्हणतोय तोच म्हणतोय कशावरून, असं काहीतरी तिच्या डोक्यात भुणभुणत राहिलं. शनिवारी संध्याकाळी भाजी निवडताना तिला आईची हाक ऐकू आली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ती हाक आतूनच कुठूनतरी आली, आणि तिच्यामागून ते सबंध घर आलं: लांबट, एकापुढे एक चार खोल्या, शेवटी न्हाणीघर. ती आठ वर्षांची, ताई बारा वर्षांची. ताईला आईचा आवाज हुबेहूब काढता यायचा. ती आतल्या खोलीतून आईच्या आवाजात हाक मारायची, ही खेळ टाकून धावत जायची, आणि दाराआड ताई तोंडावर हात दाबून हसत असायची. असं किती वेळा झालं. मग एके दुपारी हाक आली आणि ही उठली नाही. फसायचं नाही असं ठरवून खिडकीत बसून राहिली. हाक पुन्हा आली, जरा लहान. मग आली नाही. तासाभरानं बाबा आले तेव्हा आई न्हाणीघरात पडलेली होती, उजवं मनगट अंगाखाली. हाड नीट जुळलंच नाही. पुढे जन्मभर आई डाव्या हातानं लाटणं धरायची, आणि त्या दुपारबद्दल ती एकदाच बोलली, तेही लेकीचे केस विंचरताना, मागे उभी राहून: "मी हाक मारली होती गं."

तिनं निवडलेली भाजी तशीच ठेवली आणि ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ताई, तू लहानपणी आईचा आवाज काढायचीस, आठवतं तुला?"

"मी?" ताई हसली. "तूच काढायचीस. मी धावत जायचे मूर्खासारखी."

"काहीतरीच काय. मी धावायचे."

"अगं, तूच गं. बाबांनी एकदा तुला त्यावरून मारलंसुद्धा. आईचा हात मोडला त्यानंतर." ताई थांबली. "आज एकदम हे कुठून काढलंस?"

"सहज," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. बाबांनी मारल्याचं तिला आठवत नव्हतं. खिडकी आठवत होती, खिडकीचा गार गज आठवत होता, पण तिथं बसलेली मुलगी ती होती की तिनं ताईला तिथं बसलेलं बघितलं होतं, हे आता तिला सांगता येईना. तिनं हळूच, कुणी घरात नाही हे बघून, आईच्या आवाजात स्वतःला हाक मारून पाहिली. आवाज इतका बरोबर आला की तिनं चटकन तोंडावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी आल्याबरोबर तिनं तो कप्पा उघडला आणि गुरुवारपासूनचे अहवाल वाचायला घेतले. चोर दिसला. कुठल्या कुठल्या देशांतले विखुरलेले पत्ते, एकेक दोनदोन पत्रं, सगळी परत फेकलेली. आणि या चिल्लर ओळींच्या वर एक ठळक ओळ होती. एकच पत्ता, गुरुवारी दुपारनंतर नऊ पत्रं, शुक्रवारी एकतीस, शनिवारी अठ्ठावीस, सगळी 'घेतली नाहीत' या खात्यात. हाच तो मुख्य, असं तिला वाटलं. एकतीस वेळा दार ठोठावलं आणि एकतीस वेळा ते तोंडावर बंद झालं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. डबा तिनं अकरालाच उघडला. मंगळवारी ती पुन्हा त्या ओळीकडे गेली, आता जवळजवळ हौसेनं. सोमवारी चौतीस. आणि त्याच्याआधी, रविवारी, शून्य.

ती शून्याकडे बघत राहिली. तो पडद्यावर इतर आकड्यांसारखाच होता, बारीक, करडा. चोर रविवारी का थांबला. चोराला सुट्टी कसली. बाकीच्या विखुरलेल्या चोरांनी रविवारीही पत्रं पाठवली होती, उलट जास्तच. हा एकटा असा की सोमवार ते शनिवार नेमानं काम करतो आणि रविवारी घरी बसतो. तिनं जुने अहवाल उघडले, महिन्यापूर्वीचे, वर्षापूर्वीचे, अगदी पहिल्या आठवड्यातले. ती ओळ तिथं होती. दोन वर्षं, रोज, तीच, तीस-पस्तीस पत्रं, रविवार सोडून. ही पत्रं संस्थेतूनच कुठूनतरी जात होती.

ती जिना धावत चढली. स्लाइड विभागात भाऊ उजेडासमोर काच धरून उभे होते. "भाऊ, तुमच्याकडून पत्रं जातात," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता.

"नाही हो, सांगितलं ना."

"तुम्ही नाही. एखादं यंत्र."

भाऊंनी काच खाली ठेवली आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं नोंदींचा जुना कॉम्प्युटर होता, वर प्लास्टिकचं झाकण. "हा होय," ते म्हणाले. "याच्यात निकाल भरला की तो आपोआप पेशंटला कळवतो. तुमच्याआधीचे काका होते ना, त्यांनी बसवून दिलं होतं, बाहेरच्या कुठल्या कंपनीतनं. आम्ही बटण दाबतो फक्त. ते काय पत्र लिहिणं झालं?" आणि तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "काय झालं?"

"काय काय कळवतो हा?"

"नमुना मिळाला. निकाल ठीक आहे. आणि ज्यांचं ठीक नाही," भाऊ थांबले, "त्यांना, ताबडतोब या म्हणून."

परत फेकलेली पत्रं काकांच्या जुन्या ईमेलच्या पेटीत जाऊन पडली होती. काका निवृत्त झाले तरी ती पेटी कुणी बंद केली नव्हती. तिनं ती उघडली तेव्हा ती भरलेली होती. एकशे दोन पत्रं, आणि मंगळवार सकाळची आणखी सहा. ती एकेक उघडत गेली. नमुना मिळाला. ठीक आहे. ठीक आहे. नमुना मिळाला. शिवणकामवाल्या बाईंचं होतं: ठीक आहे. बाई पाच दिवस याचीच वाट बघत असतील. ताबडतोब या, अशी एकोणीस होती. खरी, यंत्रानं प्रामाणिकपणे लिहिलेली, आणि ती तिनंच दारातून हाकलून लावली होती. तिनं यंत्राचं नाव यादीत घातलं, त्याच्यासाठी शिक्का मागवला, आणि मग डॉक्टरांकडे गेली. उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन वर्षांच्या कप्प्याचंही सांगितलं. डॉक्टर काही वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "ते नंतर," ते शेवटी म्हणाले. "आधी एकोणीस फोन."

ठीक असलेल्यांना कळवायला काउंटर होतं, हे एकोणीस फोन तिनं स्वतः केले. पहिल्याच बाई म्हणाल्या, "तुम्ही खऱ्या कशावरून? तुमचीच सूचना आलीय शुक्रवारी, फोनवर विश्वास ठेवू नका म्हणून." ती सूचना शिक्क्यानिशी सगळ्यांना नीट पोचली होती. ती प्रत्येकाला म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या जुन्या पावतीवर छापलेला नंबर लावा आणि विचारा. लोक फोन ठेवत, आणि मग काउंटरवरचा फोन वाजेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे. दुपारी तीनपर्यंत अठरा जण झाले. एकोणिसावे एक घड्याळजी होते, आता निवृत्त, एकटे राहणारे. त्यांनी दोनदा तिचं बोलणं पुरं न ऐकता फोन ठेवला, तिसऱ्यांदा उचललाच नाही. पत्ता पावतीवर होता, चालत वीस मिनिटांवर. ती निघाली.

दार चार बोटं उघडलं. मध्ये साखळी, साखळीच्या वर एक डोळा. तिनं नाव सांगितलं, ओळखपत्र फटीतून आत धरलं. त्यांनी ते घेऊन उजेडात तिरकं धरलं, नखानं कडा खरवडून पाहिली आणि परत केलं. "हे कोणीही करून आणेल," ते म्हणाले. "आणि तुमच्याच नावाचं खोटं पत्र मला आलं होतं. नाव लक्षात आहे माझ्या."

"हो. ते मी लिहिलं नव्हतं. पण नंतरचं, जे तुम्हाला मिळालंच नाही, ते खरं होतं."

"त्यात काय होतं?"

दारात उभं राहून ते सांगायचा तिला अधिकार नव्हता. न सांगण्याइतकंही काही उरलं नव्हतं. "तुम्हाला बोलावलं होतं," ती म्हणाली. "लवकर. डॉक्टर थांबलेत." साखळी निघाली नाही. "तुम्ही माझ्याबरोबर येऊ नका. मी पुढे चालते. तुम्ही मागून या, लांबून. तुम्हाला संस्था माहीत आहे. मी भलतीकडे वळले तर परत फिरा."

दार बंद झालं. ती खाली येऊन चालू लागली. मागे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तसं ठरवल्यामुळे पाठीला जणू डोळे फुटले होते. सायकल गेली, दोन मुली हसत गेल्या, एक माणूस काठी टेकत आला तो वेगळ्याच गल्लीत वळला. ते येत नसतील तर काय करायचं याचा ती विचार करत होती आणि विचार पुढे सरकतच नव्हता. चौकात काचेच्या मोठ्या दुकानासमोर तिनं नजर तिरकी केली. पलीकडच्या फुटपाथवर ते होते, तीस पावलं मागे, हातात कापडी पिशवी घेऊन. ती थांबली तसे तेही थांबले.

डॉक्टर त्यांना आत घेऊन गेले. दाराशी पोचल्यावर घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी ठेवायला जागा दिसेना, तेव्हा ती तिच्या हातात दिली आणि आत गेले. ती बाकावर बसली. पिशवी मांडीवर. आत काय आहे ते वरून दिसत होतं: घडी केलेला टॉवेल, दाढीचं सामान, स्वेटर, जाड भिंगाचा चष्मा. ठेवून घेतलं तर लागेल म्हणून भरलेली पिशवी होती ती, आणि इतक्या पटकन भरून होणारी नव्हती; ती आधीच भरून तयार होती. फोनवर दोनदा अर्ध्यावर तोडल्या गेलेल्या आपल्याच आवाजाचा ती विचार करत राहिली. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. "उद्यापासून उपचार सुरू करू," ते तिला हळूच म्हणाले. "पाच दिवसांनी फार बिघडलेलं नाही."

"फार?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "फार नाही," ते म्हणाले आणि पुढे गेले.

त्यांच्यामागून घड्याळजी आले. हातात रक्ततपासणीचा कागद होता. ते तिच्यासमोर उभे राहिले, पिशवी घेतली, बाकावर ठेवली आणि उघडली. एकेक वस्तू बाहेर काढून त्यांनी पाहिली. टॉवेल, सामान, स्वेटर. चष्म्याचं घर उघडून आत चष्मा आहे ना ते बघितलं. घाई न करता, एखादं यंत्र उघडून तपासावं तसं. मग सगळं पुन्हा जागच्या जागी भरून त्यांनी बंद आवळले आणि पिशवी तिच्या मांडीवर परत ठेवली.

"रक्त द्यायचंय खाली," ते म्हणाले. "तोवर धरा जरा."